गच्चीवरचा मूक भूतबंगला: सूप, डग्गा आणि १९२७ चा सिनेमा

कोजागरीचं दूध आटेपर्यंत करायचं काय, हा आमच्या सोसायटीचा जुना प्रश्न. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी म्हणालं, भुताचा सिनेमा लावू. तळमजल्यावरच्या आजी फटकन म्हणाल्या, "लावा, पण आवाज नको." बोलल्या रागानं, पण माझ्या डोक्यात तिथेच दिवा पेटला. आवाज नसलेला भुताचा सिनेमा आहे की! ‘द कॅट अँड द कॅनरी’, १९२७ चा, मूक. त्या कोजागरीला काही जमलं नाही. पुढच्या महिन्यात जमलं, मागच्या वर्षी पुन्हा केला. दोन खेळांत जे कळलं ते इथे क्रमानं लिहितोय. तुमच्याकडे गच्ची, एक बाजाची पेटी आणि उत्साही शेजारी असतील तर तुम्हालाही जमेल.

आधी सिनेमाविषयी, कारण पुढची सगळी तयारी त्यावर ठरते. हडसन नदीकाठचा एकाकी बंगला. सायरस वेस्ट नावाचा विक्षिप्त श्रीमंत म्हातारा मरतो आणि आपलं मृत्युपत्र वीस वर्षांनी, मध्यरात्रीच वाचायचं अशी अट घालून जातो. पैशावर डोळा असलेले नातेवाईक जमतात, इस्टेट ॲनाबेल नावाच्या मुलीला मिळते, पण एक मेख असते: ती वेडी ठरली तर इस्टेट दुसऱ्याकडे जाणार. मग रात्रभर भिंतीतून हात येतात, माणसं गायब होतात आणि वेड्यांच्या इस्पितळातून कुणीतरी पळाल्याची बातमी येते. भाऊबंदकीवर वाढलेल्या आपल्या लोकांना गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

मूळ जॉन विलार्डचं १९२२ चं नाटक. युनिव्हर्सलनं त्यासाठी जर्मनीहून आलेल्या पॉल लेनीला दिग्दर्शन दिलं. तो आधी नेपथ्यकार होता, ते दर चौकटीत दिसतं. लांबच लांब बोळ, फडफडणारे पडदे, भिंतीवर माणसापेक्षा मोठ्या सावल्या. सुरुवातीलाच एक हात जाळीजळमटं पुसतो आणि खालून सिनेमाचं नाव निघतं. ‘पडका बंगला, भित्रा नायक, खोटं भूत’ हा मसाला पुढे जगभर गेला. हीच गोष्ट १९३९ मध्ये बॉब होपला घेऊन बोलपटात पुन्हा आली. आपल्याकडे मेहमूदनं १९६५ मध्ये ‘भूत बंगला’ काढला, मराठीत महेश कोठाऱ्यांचा ‘पछाडलेला’ २००४ चा. तुमची मुलं ‘पछाडलेला’वर हसली असतील तर यावरही हसतील.

तारीख: कोजागरी नको

मोह होतो, पण पौर्णिमेचा चंद्र संध्याकाळीच उगवतो आणि पडद्यावरच्या काळ्याचा राखाडी करतो. या सिनेमातून काळा रंग काढला की उरतं ते बिऱ्हाड बदलण्याचं दृश्य. कॅलेंडरात संकष्टी शोधा. त्या दिवशी चंद्रोदय नऊच्या आसपास असतो हे उपास करणाऱ्यांना घड्याळाशिवाय माहीत असतं. संकष्टीपासून अमावस्येपर्यंतची कुठलीही रात्र चालेल. आम्ही त्रिपुरी पौर्णिमेनंतरचा कार्तिक वद्य पक्ष धरतो. पाऊस गेलेला असतो, फराळ संपलेला असतो आणि पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे सातला गच्चीवर पुरेसा अंधार. सर्वपित्री अमावस्या सुचवणारा एक विद्वान प्रत्येक सोसायटीत असतो. त्याला खुर्च्या मांडायला लावा.

सातला सुरू, मध्ये पंधरा मिनिटं चहा, नवाच्या सुमारास समाप्त. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि त्याआधीही निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबलची आहे. आपल्याला एवढ्या आवाजाची गरजच नाही, पण समितीच्या बैठकीत हा आकडा सांगितला की परवानगी लवकर मिळते असा अनुभव आहे.

प्रत आणि हक्क

भारतात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, तेव्हा १९२७ च्या चित्राची चिंता नाही. चिंता संगीताची. नेटवर मिळणाऱ्या प्रतींना नंतर कुणीकुणी वाद्यमेळ जोडलेला असतो, आणि ते ध्वनिमुद्रण नवं, म्हणजे हक्कही नवे. आपण आवाज बंदच करणार आहोत, त्यामुळे तो प्रश्न मिटतो. मात्र खेळ सोसायटीपुरता ठेवा. तिकीट लावून सार्वजनिक खेळ करायचा तर सेन्सॉरच्या प्रमाणपत्रापासून सगळं सुरू होतं, आणि ते गच्चीचं काम नव्हे.

प्रत निवडताना लांबी बघा. मूकपटाच्या काळात चित्र कोणत्या वेगानं चालवायचं हे आजच्यासारखं पक्कं नव्हतं, म्हणून काही प्रती ऐंशी-पंच्याऐंशी मिनिटांत संपतात, काही पावणेदोन तासांपर्यंत जातात. कुठलीही घ्या, पण सरावाला आणि खेळाला तीच फाइल वापरा, आणि ती लॅपटॉपमध्ये उतरवलेली असू द्या. वहीत लिहिलेली एकूण एक वेळ त्या फाइलची असते. पहिल्या वर्षी ऐन वेळी कुणीतरी ‘जास्त स्वच्छ’ प्रत आणली आणि आमचे बाराचे टोले मृत्युपत्र वाचून झाल्यावर पडले.

आवाज लॅपटॉपवरही बंद करा आणि प्रोजेक्टरवरही. आम्ही फक्त लॅपटॉपचा स्पीकर बंद केला होता. वायरीतून गेलेला आवाज प्रोजेक्टरच्या पोटातून निघाला आणि सगळ्या गच्चीवर चर्चमधला ऑर्गन घुमला. आजी तेवढ्या एकाच क्षणी खऱ्या दचकल्या.

पडदा

पलंगावरची चादर नको. तिच्या घड्या चेहऱ्यावरून जातात आणि ॲनाबेल आजीबाई दिसते. लक्ष्मी रोडला मोठ्या पन्ह्याचं मांजरपाट मागा (मांजराच्या सिनेमाला मांजरपाट, यावर आमच्याकडे आठवडाभर विनोद झाले). सिनेमाची चौकट जुनी आहे, रुंदी चार तर उंची तीन, म्हणून आठ फूट बाय सहा फूट कापड धरा. शिवण आलीच तर ती खालच्या भागात येईल असं शिवा, मधोमध नको. वर आणि खाली नेफा शिवून घ्या आणि दोन्हीत बुरूड आळीतले सरळ बांबू घाला. खालच्या बांबूमुळे कापड ताणलेलं राहतं, आणि वारा सुटला तर त्याच्या दोन टोकांना पाण्याचे पाच लिटरचे कॅन बांधता येतात. मागे गडद सतरंजी टाकली तर उजेड आरपार जात नाही आणि चित्र उठून दिसतं. जिन्याच्या खोलीची भिंत पाठीला असेल तर सर्वात उत्तम. कठड्याला पाठ करून पडदा लावू नका, पोरं मागे काय आहे ते बघायला जातातच.

प्रोजेक्टर भाड्यानं आणा. ३,००० ल्युमेनचा आठ फुटी पडद्याला पुरतो. साध्या भिंगाचा असेल तर पडद्यापासून साधारण बारा फुटांवर बसतो, तेव्हा पहिली रांग कुठे बसवायची ते त्यावरून ठरवा. सेटिंगमध्ये ४:३ निवडायला विसरू नका, नाहीतर सगळे नातेवाईक आडवे पसरतात. फोकस चेहऱ्यावर लावू नका, मजकुराच्या पाटीवर लावा (मूकपटात संवाद मधूनमधून अशा पाट्यांवर लिहून येतात). अक्षर धारदार आलं की बाकी सगळं आपोआप येतं. वायर जिथे लोक चालणार तिथे चिकटपट्टीनं जमिनीला धरून घ्या आणि एक्स्टेन्शन बोर्ड अर्थिंग असलेलाच वापरा. आठनंतर दव पडायला लागतं, म्हणून बोर्ड पाटावर ठेवा आणि प्रोजेक्टरच्या डोक्यावर मोठी छत्री धरा. हवा जायच्या जाळ्या मात्र उघड्या हव्यात.

पाट्या मराठीत बोलणारा

आपल्याकडे मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी पेटी-तबला वाजायचा आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी पाट्या मोठ्यानं वाचून दाखवल्या जायच्या. पुण्यात मंडईजवळ १९१५ मध्ये आर्यन थिएटर सुरू झालं. थिएटर आता नाही, नाव तिथल्या वाहनतळाला उरलंय. मंडईत गाडी लावताना मला दर वेळी वाटतं, इथे कधीतरी कुणीतरी पडद्याकडे बोट दाखवून ओरडलं असेल. तर आपल्यालाही असा एक वाचणारा हवा.

वही घ्या, चार रकाने पाडा: वेळ, पाटी कुणाची, मराठी वाक्य, आवाज. सिनेमा थांबवत थांबवत एक रविवार जातो. जाऊ द्या. भाषांतर पुस्तकी झालं की मेलं. बंगला सांभाळणारी बाई आहे, मॅमी प्लेझंट, सुतकी चेहऱ्याची. वकील तिला विचारतो की वीस वर्षं इथे एकटं वाटलं असेल ना. तिचं उत्तर मी आधी ‘मला जिवंत माणसांची आवश्यकता भासत नाही’ असं लिहिलं होतं. सरावात एकही हसलं नाही. आजी म्हणाल्या, "ही बाई सदाशिव पेठेतली आहे, तिला तसं बोलू दे." आणि त्यांनीच करून दिलं: "जिवंत माणसांवाचून माझं काही अडत नाही." खेळाच्या दिवशी याच वाक्यावर सर्वात मोठा हशा आला. त्यानंतर त्या बाईच्या सगळ्या पाट्या आजींकडे.

वाचायची वेळ महत्त्वाची. पाटी दिसताक्षणी सुरू करा आणि ती जायच्या आत संपवा. उशीर केला तर इंग्रजी वाचणारे आधी हसतात, बाकीचे नंतर, आणि दोन अर्धवट हशांतून एक पुरा हशा होत नाही. काही पाट्यांवरची अक्षरंच हलतात, थरथरतात, मोठी होतात. तिथे बोलू नका. अक्षरं स्वतःच ओरडत असतात.

माइक फक्त वाचणाऱ्याला द्या, तोही हळू. वाद्यांना नको.

आवाज, म्हणजे खरं काम

पहिल्या सरावात आमच्या तबलजीनं प्रत्येक धडपडीवर दणकून ‘धा’ मारला. नायक पॉल हा गोल चष्म्याचा, घाबरट, पण भला माणूस. तो दचकला की धा, अडखळला की धा, पलंगाखाली लपला की तिहाई. वीस मिनिटं झाली तरी कुणी हसेना. तबलजी वाईट नव्हता, अतिशय तयारीचा आहे. पण त्याचा प्रत्येक ठेका ‘आता हसा’ असं सांगत होता, आणि पुणेकराला कुणी हस म्हटलं की तो हाताची घडी घालतो.

मग मी वहीत प्रत्येक प्रसंगापुढे दोनच खुणा केल्या: ‘भी’ आणि ‘ह’. भी म्हणजे वाजवा, ह म्हणजे हात मांडीवर. भीती अगदी खरी मानून, गंभीरपणे वाजवायची. विनोदाला एक सूरही द्यायचा नाही. सगळ्या खेळाचा जीव या एका नियमात आहे, बाकी सामान कमीजास्त झालं तरी चालतं.

पेटीवर राग वाजवायचा नाही. मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला सा आणि त्याला खेटून कोमल रे, दोन्ही पट्ट्या एकदम दाबून धरा आणि भाता अगदी सावकाश हलवा. दोन सूर एकमेकांना घासतात आणि पोटात काहीतरी हलतं. एवढंच दहा-बारा मिनिटं पुरतं. गंमत पुढे आहे. भीतीचा प्रसंग संपला की वाजवणाऱ्याचा हात रे सोडून सवयीनं नुसत्या सावर, म्हणजे मुक्कामाच्या सुरावर येतो, कारण लहानपणापासून तसंच शिकलोय. येऊ देऊ नका. दोन्ही सूर घासत असतानाच भाता थांबवा आणि शांत व्हा. पुढच्या दोन सेकंदांत पडद्यावर पॉलचा चेहरा येतो आणि लोक हसतात. तो हशा म्हणजेच सा. तो लोकांकडून येऊ द्यायचा, आपण आधीच देऊन टाकायचा नाही.

तबल्यातला फक्त डग्गा घ्या. मनगटानं घासून काढलेला लांब ‘घूं’ हा बोळातून कुणीतरी चालत येतंय त्यासाठी. टोले हवेत मध्यरात्रीला, बारा. देवघरातली घंटा फार प्रसन्न वाजते. तांब्याचा हंडा दोरीनं टांगा आणि लाकडी चाटूला फडकं गुंडाळून मारा. मोजायला एक वेगळा मुलगा ठेवा, तेरावा टोला पडला की सगळं गेलं.

बाकीचं घरातच सापडतं:

- दाराची करकर: जुना पाट शहाबादी फरशीवर तिरका ओढा. थोडा ओलसर असला तर जास्त चांगला. मेण लावलेला पाट मुका असतो.
- वारा: जुनं रेशमी लुगडं काठीवरून ओढत राहा. हळू, जोरात, हळू.
- गडगडाट: तीन फूट बाय दोन फूट पत्रा, एका कोपऱ्यात धरून हलवायचा. कडा दुमडून घ्या, हात कापतो.
- पावलं: नारळाच्या करवंट्या नकोत, घोडा वाटतो. चामडी चपला हातात घालून पाटावर.
- कुजबुज आणि पडद्यांची सळसळ: सूप आणि मूठभर तांदूळ. सूप बुरूड आळीचंच घ्या, प्लॅस्टिकच्या सुपात तांदूळ नाचतात, सळसळत नाहीत.

सूप आजींनी घेतलं. "पाखडायचं नाही, नुसतं फिरवायचं," हे त्यांनी आम्हाला शिकवलं. तांदूळ कडेनं गोल फिरत राहिला की आवाज तुटत नाही.

आता दोन जागा नीट बघा, कारण सरावातला अर्धा वेळ त्यांनाच द्यायचा आहे.

पहिली, वकिलाची. क्रॉसबी वकील ॲनाबेलला महत्त्वाचं नाव सांगणार, एवढ्यात त्याच्या मागची भिंत उघडते आणि एक हात त्याला आत ओढतो. ती वळून बघते तर माणूस नाही. पहिल्या वर्षी भिंत उघडताना आम्ही करकर दिली. चूक. तिला ऐकू आलं नाही तर आपल्यालाही येता कामा नये. सूर भिंत उघडायच्या आधीच थांबवा, सगळं निःशब्द होऊ द्या, आणि ती वळून रिकामी जागा बघते तेव्हा पेटी सुरू करा. आमच्याकडे त्या शांततेत पहिल्या रांगेतला एक छोटा "मागे बघ, मागे!" असं ओरडला. याहून चांगलं संगीत आम्हाला सुचलं नसतं. मध्यंतर इथेच घ्या.

दुसरी, हाताची. ॲनाबेल झोपलेली असते, उशाशी भिंतीतून लांब नखांचा हात निघतो आणि गळ्यातल्या हाराकडे सरकतो. इथे सगळे आपापलं वाद्य वाजवायला आतुर असतात. कुणालाही वाजवू देऊ नका. फक्त सूप, तेही अगदी हळू, आणि हात गळ्यापासून वीतभर राहिला की तेही बंद. हार हिसकला जातो त्या क्षणी पत्रा. एकदाच.

प्रेत पडायच्या जागेला गव्हाचं अर्धं भरलेलं पोतं फरशीवर टाकतात. आधी खालच्या मजल्याला कळवून ठेवा.

सराव आणि बैठक

किमान दोन सराव हवेत. पहिला दिवसाउजेडी, लॅपटॉपवर, थांबत थांबत. दुसरा गच्चीवर, अंधारात, न थांबता, चुका झाल्या तरी. वही वाचायला लाल कागद लावलेली विजेरी वापरा, पांढरा उजेड पडद्यावर जातो. वाजवणारे पडद्याच्या डाव्या बाजूला, पडदा तिरका दिसेल असे बसवा. त्यांना पडद्यामागे बसवू नका. दिसलं नाही तर वेळ चुकते, आणि सूप फिरवणाऱ्या आजींना बघण्यात लोकांना सिनेमाएवढीच मजा येते.

आठ वर्षांखालची मुलं आईबापाच्या मांडीवर. खलनायकाचा बटबटीत डोळा आणि सुळे जवळून दिसतात. आदल्या दिवशी मुलांना आवाजाचं सगळं सामान हाताळू द्या. पत्रा स्वतः हलवून बघितलेलं पोर गडगडाटाला रडत नाही, उलट शेजारच्याला समजावतं.

मध्यंतराचे वडे आधी तळून आणू नका. वास सुटला की मृत्युपत्राकडे कुणाचं लक्ष राहत नाही. घाणा वकील गायब होताना टाकायला सांगा.

खुनी कोण हे माहीत असलेला एकजण दर वर्षी येतो. त्याला मोजणीच्या मुलाशेजारी बसवून टोले मोजायला लावा.

सिनेमा संपला की लगेच गच्चीवरचे मोठे दिवे लावू नका, आधी जिन्यातला लावा. मुलांना घोळक्यानं खाली न्या, कारण एकटं कुणीच उतरत नाही, मोठेही नाही. जिन्यातला दिवा टायमरवर असेल तर टायमर त्या रात्रीपुरता बंद ठेवा. आमचा पाऊण मिनिटात विझतो. मागच्या वर्षी तो विझला तेव्हा आजी सूप घेऊन दुसऱ्या मजल्याच्या वळणावर होत्या, आणि सुपात तांदूळ अजून होता.